जत्रेत गर्दी तीच, मग गिऱ्हाईक कुठं गेलं? (एका मेवामिठाईवाल्याचा हिशेब)

कढईवाला

राम राम मंडळी. इथं जत्रांवर धागे निघतात ते बहुतेक पाळण्यात बसलेल्यांचे असतात. मी पालात, म्हणजे जत्रेतल्या कापडी दुकानात, बसणारा. आमचं मेवामिठाईचं दुकान आज्यानं सुरू केलं, वडिलांनी वाढवलं, आता मी आणि धाकटा भाऊ रेटतोय. म्हसवडच्या रथाला, म्हणजे मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला, आमचा हंगाम उघडतो. मग पुसेगावचे सेवागिरी महाराज, पौषात पालचा खंडोबा, खरसुंडीचा सिद्धनाथ, औंधची यमाई. चैत्रात शिंगणापूर आणि गावोगावच्या जत्रा. तिथ्या एकमेकींवर येतात, सगळ्या धरता येत नाहीत.

जत्रा संपल्या असं जो म्हणतो त्यानं पुसेगावच्या रथाला यावं. नोटांच्या माळांनी रथ झाकलेला असतो आणि पाय ठेवायला जागा नसते. माणूस कमी झालेला नाही. माणूस थांबायचा कमी झालाय, आणि आमचा धंदा थांबणाऱ्या माणसावर होता.

थांबायचं कारण देव नव्हता, हे मी देवाची क्षमा मागून लिहितो. दर्शन तासाभरात उरकतं. थांबायचं कारण होतं बैलबाजार. खिलार खोंड घेऊन आलेला शेतकरी पहिल्या दिवशी विकतच नाही. भाव बघतो, दुसऱ्याच्या दावणीला जाऊन दात मोजतो, व्यापाऱ्याला परत पाठवतो. चार-पाच दिवस तो तिथंच. त्याच्यासोबत एक भाऊ, एक पोरगं, एक गडी. त्यांना सकाळी चहा-भजी लागायची, दुपारी शेव-चिरमुरे, आणि सौदा झाला की पेढे आमच्याच पालातून जायचे. घेणाराही घ्यायचा, विकणाराही. खिशात रोख असलेला, खुशीत असलेला आणि घरी बायकापोरं वाट बघतायत असा माणूस, याच्यापेक्षा चांगलं गिऱ्हाईक मिठाईवाल्याला कुठलं?

दुसरी गोष्ट रात्रीची. तमाशाचा फड उतरलेला असला की आमची कढई पहाटेपर्यंत चालायची. आता ध्वनिक्षेपकाला रात्री दहाची मर्यादा, सवलत मिळाली तर बाराची. नियम वाईट आहे असं मी म्हणत नाही, गावात म्हातारी माणसं असतात. पण फडवालेच यायचे कमी झाले, त्यांच्या जागी एका संध्याकाळचा कार्यक्रम असतो. तो सुटला की मोटारसायकली एकदम सुरू होतात आणि वीस मिनिटांत मैदान मोकळं.

वडिलांच्या वेळी एका मोठ्या जत्रेला पाच-सहा पोती बेसन उठायचं. आता दोन उठलं तर आम्ही बरं गेलं म्हणतो.

वर खर्च आहेच. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रानं खाद्यतेलावरचं आयातशुल्क वाढवलं आणि ऐन हंगामाच्या तोंडावर तेलाचा डबा महागला. जागेचं तर विचारू नका. पूर्वी ग्रामपंचायतीचा शिपाई फुटावर पावती फाडायचा. आता काही ठिकाणी सगळ्या मैदानाचा एकदम लिलाव होतो आणि ठेकेदार आम्हाला ओळी विकतो. एका गावात (नाव घेत नाही, पुढच्या वर्षी तिथंच पाल ठोकायचंय) पुढच्या ओळीत दहा बाय दहाला अठरा हजार मागितले, पावती मिळाली निम्म्याची. त्या पैशात पूर्वी आमचा अख्खा माल भरायचा. पुढची ओळ मग कोण घेतं? ट्रॅक्टरवाले, खतवाले, मोबाइलवाले. त्यांना तिथं विकायचंच नसतं, पत्रकं वाटायची असतात.

इथं जत्रेच्या गावची आणि जत्रेला जाणारी, दोन्हीकडची मंडळी आहेत. तुम्हाला काय दिसतं ते लिहा. आठवणी चालतील, पण हिशेबही येऊ द्या.

गलाईवाला, कोईमतूर

दादा, मनातलं लिहिलंत. आमचं गाव आटपाडी तालुक्यात. घरातली निम्मी माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात, कोण तामिळनाडूत, कोण केरळात, कोण पार पंजाबात. दिवाळीला गिऱ्हाईक असतं म्हणून आम्हाला दिवाळीला सुट्टी मिळत नाही. त्यामुळं गाव भरायचं ते जत्रेला. मामा परत निघाले की पत्र्याच्या डब्यात गोडी शेव आणि रेवड्या भरून न्यायचे. दुकानातल्या तमिळ कामगारांनाही त्याची सवय लागली होती, डबा उघडायच्या आत हात पुढं.

आता मी सकाळी उतरतो, नैवेद्य दाखवतो, संध्याकाळची गाडी धरतो. मुलांची शाळा इकडंच. तुमच्या हिशेबात मी गर्दीत मोजला जातो आणि गिऱ्हाइकात नाही, हे खरं आहे. एक विचारतो, ती गोडी शेव कुरियरनं पाठवता येईल का?

शंकासुर

भावना पोचल्या. पण थोडं उलटं लिहितो, राग मानू नका.

१९९० साली खेड्यातल्या पोराला गोड कधी मिळायचं? सणाला आणि जत्रेला. आज गावच्या टपरीवर पाच रुपयांत दहा प्रकारची पाकिटं लटकतात. तुमची शेव जत्रेचं आकर्षण होती, कारण वर्षभर ती मिळत नव्हती. तिची टंचाई गेली, यात बैलाचा काय दोष? आणि धुरळ्यात उघडी मांडलेली मिठाई मी माझ्या मुलीला देणार नाही. यात्रेतलं खाऊन आजारी पडलेले लोक दरवर्षी दवाखान्यात दिसतात.

माणदेशी मास्तर

शंकासुर, टंचाईचा मुद्दा रास्त. पण मग जिलेबीही रोज मिळते, तरी लग्नात ती लागतेच की. जत्रेतून परतताना भावकीत वाटायला खाऊ न्यायचा, लेकीच्या सासरी पुडा पाठवायचा, ही रीत होती. ती कमी झाली, कारण लेक स्वतःच गाडीवर बसून जत्रेला येते आणि जेवायच्या आत परत जाते.

मी आणखी एक गोष्ट सांगतो, ती सहसा कुणी जत्रेशी जोडत नाही. पाणी. आमच्या गावची जत्रा भरायची ती पडीक रानात. खरीप निघालेलं, रब्बीचं भरवशाचं नाही, मग शे-दीडशे एकर शिवार बाजाराला मोकळं. बैल बांधा, पालं ठोका, चुली मांडा, कुणी हटकत नव्हतं. टेंभू उपसा योजनेचं पाणी आलं आणि त्याच रानात ऊस आणि डाळिंब उभं राहिलं. आता डाळिंबाच्या बागेत कोण बैल बांधू देईल? बाजार सरकत सरकत रस्त्याच्या कडेला आला. त्यात मार्गशीर्ष-पौष म्हणजे ऊसतोडीचा हंगाम, ज्याचा ऊस जायचा आहे तो कारखान्याच्या चिठ्ठीची वाट बघत घरी बसतो.

आमच्या भागानं पाण्यासाठी किती वर्षं मोर्चे काढले, त्यामुळं पाणी आलं याचं वाईट वाटायचं काहीच कारण नाही. पण जत्रा त्या दुष्काळी रानावरच मावत होती, हेही लिहून ठेवलं पाहिजे.

खिलारप्रेमी

मास्तरांना अनुमोदन. बाजाराबद्दल मी लिहितो, घरात तीन पिढ्या खिलार आहे.

ट्रॅक्टरनं बैल घालवला हे सगळ्यांना माहीत आहे, ते हळूहळू झालं. धक्के नंतर बसले. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यती बंद केल्या. शर्यतीचा खोंड हाच आमच्या बाजारातला भावाचा माल, त्याचं गिऱ्हाईकच गेलं. २०१५ च्या मार्चमध्ये गोवंश हत्याबंदीत बैलही आला. त्यावर इथं भांडण नको, मी फक्त दावणीचं सांगतो. म्हातारा बैल विकून त्यात भर घालून शेतकरी नवा खोंड घ्यायचा. म्हाताऱ्याला कुणी घेईना, मग नव्याला पैसे आणायचे कुठून? मग २०१६ ची नोटाबंदी. बैलाचा सौदा रोखीचा, टॉवेलाखाली बोटं धरून ठरणारा. त्या वर्षी म्हसवडचा रथ नोव्हेंबरच्या अखेरीलाच होता. व्यापारी हात हलवत फिरत होते. पुढं कोरोनात दोन हंगाम गेले, आणि उघडतंय म्हणेस्तोवर सप्टेंबर २०२२ मध्ये लंपी या जनावरांच्या त्वचारोगामुळं राज्यभर जनावरांचे बाजार बंद.

डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना परवानगी मिळाली, मे २०२३ मध्ये घटनापीठानंही कायदा उचलून धरला. त्यामुळं चांगल्या खोंडाला लाखांत भाव येतो. पण तो सौदा आता मोबाइलवर होतो. पळतानाचा व्हिडिओ पाठवायचा, घेणारा पिकअप घेऊन थेट गोठ्यात येतो. जत्रेत येतात ती दाखवायची जनावरं. फोटो निघतात, पट्टे मिळतात, बाजार होत नाही.

२०१९ च्या पशुगणनेत देशातली देशी गाईबैलं २०१२ पेक्षा ६ टक्क्यांनी कमी भरली होती. संकरित वाढली. जर्सी गाय विकायला कुणी जत्रेत पाच दिवस मुक्काम करत नाही, तिची धार कोण काढणार? दोन वेळा डेअरीला दूध घालायचं असतं.

कढईवाला

मास्तर, पाण्याचं मला सुचलं नव्हतं. पण बरोबर आहे, आमचं पाल दरवर्षी थोडं थोडं डांबरी रस्त्याकडं सरकलंय. धुरळा त्यामुळंच वाढला.

शंकासुर, राग कशाला? धुरळ्याचं तुमचं खरं आहे. आम्ही प्लास्टिकचा कागद लावतो, पण गिऱ्हाइकाला ढीग दिसला पाहिजे, झाकलेला माल उठत नाही. कागद वर केला की विक्री, खाली केला की शुकशुकाट, हे रोज बघतो. पण एक सांगतो. आता निम्म्या पालांत कढईच नसते. शहरातून तयार फरसाणाची पोती येतात, ताटात रचली की झाली मिठाई. ती कधीची आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. आजारपण उघड्या कढईतून येतं की बंद पोत्यातून, ते बघायला हवं.

गलाईवाले दादा, गोडी शेव कुरियरनं जाईल, पण सगळी नाही जाणार. बेसनाची जाड शेव मंद आचेवर तळायची. गुळाचा पाक गोळीबंद होईतो आटवायचा, सुंठपूड घालायची, शेव टाकून कढई खाली उतरवायची आणि हलवत राहायचं. हात थांबला की गोळा झाला. पाक शेवेला धरून कोरडा पडला, पांढरट झाक आली की उतरली. अशी शेव पंधरा दिवस काही होत नाही. पण धुकं असलं की पाक वाळत नाही, चिकट राहतो. म्हणून मार्गशीर्षात आम्ही गोडीचा घाणा उन्हं वर आल्यावरच घेतो. त्या वेळची पाठवीन. आणि काळसर गुळाची पाठवीन, चालेल ना? इकडं गिऱ्हाईक पिवळी मागतं. काळसर दाखवली की "शिळी आहे का?"

काकणवाली

मी कासाराच्या घरातली सून. लग्नाआधी जत्रा बघितली पाळण्यातून, लग्नानंतर पालातून, त्यामुळं दोन्ही माहीत आहे.

तुम्हा पुरुषांना मुक्कामाचं फार कौतुक आहे. पालात पाच रात्री बाईमाणसानं काढायच्या म्हणजे काय, ते कुणी लिहिलं नाही. दिवसभर पाणी कमी प्यायचं, कारण संडासाला जायचं कुठं? अंधार पडायची वाट बघायची. तमाशा सुटल्यावर झिंगलेले लोक पालाच्या दोऱ्यांत अडखळून पडायचे आणि वर आम्हालाच शिव्या. सासूबाई उशाला अडकित्ता घेऊन झोपायच्या, आणि तो सुपारीसाठी नव्हता.

धंदा कमी झाला हे आमचंही खरं. पूर्वी बाई समोर बसायची, हात पुढं करायची, आम्ही काकणं भरायचो. दोन हातांना अर्धा तास. तेवढ्यात तिचं माहेर, सासर, नणंद सगळं कळायचं, आणि सोबतच्या दोघी आपोआप बसायच्या. आता डझनाचं खोकं उचलतात, मोबाइलनं पैसे टाकतात आणि चालल्या. पण दिवसाला जेवढा धंदा होतो तेवढा करून रात्री घरी जाता येतं, याला मी वाईट म्हणणार नाही. माझ्या लेकीला मी पालात जन्मभर बसवणार नाही.

कढईवाले भाऊ, पावतीचं मात्र शंभर टक्के बरोबर. आम्हाला तर पावतीच दिली नाही.

गड्डाकर

सोलापूरहून लिहितोय. आमच्या सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वज आणि अक्षता सोहळ्याला जानेवारीत लाखांनी माणूस येतो, आणि होम मैदानावरचा गड्डा, म्हणजे जत्रेची दुकानं-पाळणे, त्यानंतरही बरेच दिवस चालतो. तिथं मुक्कामाचा प्रश्नच नाही, शहरातला माणूस रोज संध्याकाळी चालत येतो. एकदा नाही, तीनदा येतो. आधी पोरांना घेऊन, मग पाहुण्यांना, मग मित्रांबरोबर. म्हणून इकडं पाळणेवाले, मौत का कुआँवाले, भजीवाले टिकून आहेत. जागेचे दर इकडंही वाढलेत, तो भाग वेगळा.

म्हणजे मूळ मुद्दा पटतो. जिथं माणूस पुन्हा पुन्हा मैदानावर येतो तिथं विक्रेता जगतो. खेड्यातल्या जत्रेत त्याला परत आणायला काही उरलं नाही.

मुंबईकर चाकरमानी

+१. आमचे वडील माथाडी, आजोबा गिरणीत. १९८२ च्या संपापर्यंत जत्रेला गाडी भरून माणसं खटावला यायची असं वडील सांगत. संपानंतर जत्रेला यायला बोनस नव्हता. आता आमच्या पिढीचं मंडळ आहे, फ्लेक्स लागतो, त्यावर माझाही फोटो असतो, प्रत्यक्षात मी दर वर्षी जातोच असं नाही. फ्लेक्सचे पैसे मात्र दर वर्षी जातात.

कमिटीतला एक

बराच वेळ वाचतोय. आता लिहितो, कारण शिव्या आमच्याच वाट्याला आहेत.

मी एका गावच्या यात्रा कमिटीत आहे. ग्रामपंचायतीला जत्रेवर कर आणि बाजारावर फी घ्यायचा अधिकार कायद्यानंच आहे, १९५८ च्या अधिनियमाचं कलम १२४ वाचा. तो पैसा जातो कुठं? टँकर, फिरते संडास, विजेची जोडणी, सीसीटीव्ही, अग्निशमनाची गाडी, कुस्त्यांचं इनाम. शेवटच्या निकाली कुस्तीचा आकडा ऐकलात तर अठरा हजार विसराल. गावातली पोरं म्हणतात शेजारच्या गावापेक्षा इनाम कमी नको. वर्गणी पुरत नाही, मग जागेवर येतो.

लिलाव का करतो? कारण फुटावर पावती फाडायला बसलो की प्रत्येक पालाशी भांडण. ह्याला पुढची जागा का, त्याला मागची का, मी बापजाद्यांपासून इथंच बसतो. ठेकेदार एकरकमी देतो आणि भांडणं त्याची. सोय आहे, प्रामाणिकपणे सांगतो.

आणि मांढरदेव विसरू नका. २५ जानेवारी २००५. पायऱ्यांवर नारळाचं पाणी, चेंगराचेंगरी, दुकानांना आग, सिलिंडर फुटले, जवळपास तीनशे माणसं गेली. त्यानंतर पोलीस आमच्याकडून रस्त्याची रुंदी लिहून घेतात. पुढच्या ओळीत कढई नको, हे आमचं नाही, वरून येतं. म्हणून पुढं ट्रॅक्टरवाले बसतात, त्यांच्याकडं जाळ नसतो.

शंकासुर

हे कढईचं कारण पटलं. पण पावती निम्म्याची का, ते राहिलं.

कढईवाला

कमिटीवाले साहेब, लिहिलंत हे बरं केलंत, खरंच. मांढरदेवच्या वेळी मी पोरगा होतो. त्या डोंगरावर आमच्या ओळखीच्यांची पालं होती. त्यामुळं कढई वाटेपासून लांब पाहिजे यावर मी चकार शब्द बोलणार नाही. मागं न्या, पण मग मागच्या ओळीकडं माणूस येईल असा रस्ता ठेवा. आत्ता पुढच्या दुकानांच्या पाठी आमच्याकडं असतात, आणि मध्ये त्यांचे जनरेटर.

इनामाचं म्हणाल तर कुस्ती हवीच. आखाड्याचा माणूस दुपारपासून संध्याकाळपर्यंत बसतो आणि उठताना किलोभर शेव नेतो. आमचं उरलंसुरलं गिऱ्हाईक तेच. पण पाच लाखांच्या एका कुस्तीपेक्षा पाच-दहा हजारांच्या पन्नास कुस्त्या लावा. एका बड्या पैलवानाबरोबर चार गाड्या येतात. गावोगावच्या पन्नास पोरांबरोबर त्यांची भावकी येते, आणि आपलं पोरगं कधी लागतंय म्हणून दिवसभर हलत नाही.

काकणवाली ताई, संडासाचं तुम्ही लिहिलंत ते आमच्या घरात बायको दर वर्षी बोलते. जागेच्या पैशातून पहिलं तेच व्हावं. फिरते संडास येतात ते दर्शनबारीपाशी लागतात, पालांकडं एकही नसतो.

कमिटीतला एक

कुस्त्यांचं बोलून बघतो, पोरं ऐकतील असं नाही. संडास पालांकडं दोन लावायला हरकत नाही, ते माझ्या हातात आहे. पावतीचं असं की ठेकेदारानं लिलावात भरलेल्या रकमेची पावती आम्ही त्याला देतो. तो पुढं किती घेतो ते आमच्याकडं येत नाही.

काकणवाली

येत नाही की बघत नाही?

खिलारप्रेमी

ताईंनी एका ओळीत उरकलं.

कमिटीवाले, आणखी एक बघा. बाजारात येणाऱ्या बैलाची दाखल फी पहिले दोन दिवस माफ करा, पाण्याची टाकी बाजाराजवळ ठेवा आणि लसीकरणाचा दाखला बघायला पशुवैद्यकाला गेटवर बसवा. लंपीच्या भीतीनं चांगला खिलारवाला घराबाहेर जनावर काढत नाही. दाखला बघूनच आत सोडतात असं कळलं तर आमच्याच भागातून पंचवीस दावणी येतील. व्हिडिओवर दात दिसत नाहीत आणि खोडही कळत नाही, हे घेणाऱ्यालाही आता कळायला लागलंय.

कमिटीतला एक

लेखी द्या. कार्तिकात आमची बैठक असते, तेव्हा मांडतो. कढईवाले, तुमच्यासारखे दोन-तीन जुने पालवाले आले तर बरं होईल. नुसतं मी बोललो तर "तुला काय पडलंय?" म्हणतील.

कढईवाला

येतो. गावाचं नाव व्यक्तिगत निरोपातून कळवा. ठेकेदारालाही बोलवा, आणि दर ओळीवार लिहून मंदिराच्या फळ्यावर लावायची तयारी आहे का, एवढं आधी विचारून ठेवा. नाही म्हणाला तर आम्ही भाड्याचे पैसे घालून यायचं की नाही ते ठरवू.

गलाईवाले दादा, पत्ता पाठवा. दोन किलोच्या आत कुरियरला परवडत नाही.